कवळीवाल्याची नाव

गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू ज्याच्या हातचं होतं, त्याच्याशी त्याचा सख्खा भाऊ तीन वर्षं बोलत नव्हता.

लोक त्याला कवळीवाला म्हणत. तो दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर माप घेऊन पाठवायचा आणि हा घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बसून मेण वितळवायचा, दात रचायचा, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करायचा. पण रस्त्यात भेटलेल्या माणसाच्या तोंडाकडे तो असा टक लावून बघायचा, की समोरचा बोलता बोलता ओठ मिटून घ्यायचा. लग्नाच्या भानगडीत तो पडला नाही. म्हणजे मुली बघायला गेला होता, पण मुलीचा चेहरा बघायचा सोडून तिचे वरचे दात खालच्यांवर कसे बसतात तेच बघत राहिला. एका ठिकाणी तर होकार नाही, नकार नाही, मुलीच्या आईला दाढ काढून घ्यायचा सल्ला देऊन घरी आला.

घरात तिघं. तो, त्याचा दादा आणि वहिनी. दादाने चाळीस वर्षं नदीवर नाव वल्हवली, या काठावरून त्या काठावर, एका वल्ह्यावर. मग पूल झाला. पुलाच्या उद्घाटनाला दादाला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. त्यावर तो बसला नाही. नाव घरामागे उलटी पडून राहिली आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. दादा रोज सकाळी अंडी काढायच्या निमित्ताने नावेवर हात फिरवून यायचा. अंडी वहिनी आधीच काढून आणायची, हे त्यालाही माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी दादाला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात आला नाही. दादा दीड महिना इस्पितळात होता आणि त्या दीड महिन्यात कवळीवाल्याने सुतार बोलावून नाव कापली. तिच्या फळ्यांची त्याच्या खोलीत मांडणी झाली आणि मांडणीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने बसले. "आता हात चालायचा नाही, रोज डोळ्यांसमोर नाव बघून दादाला त्रास झाला असता," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. सांगून सांगून ते त्याला स्वतःलाही पटत आलं होतं.

दादा घरी आला. मागच्या अंगणातली रिकामी जागा त्याने बघितली, खोलीच्या दारातून मांडणी बघितली. मग आत गेला, तोंडातली कवळी काढली आणि टेबलावर ठेवून दिली. ती कवळी म्हणजे कवळीवाल्याचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. त्या दिवसापासून दादाने धाकट्या भावाशी एक शब्द काढला नाही आणि त्याचे दात तोंडात घातले नाहीत. तीन वर्षं मऊ भात आणि कुस्करलेली केळी खाऊन राहिला, पण हट्ट सोडला नाही. वहिनीने कवळी एका डबीत घातली आणि डबी आपल्या पर्समध्ये टाकली. मन बदललं तर घरी धावायला नको, असा तिचा हिशेब.

तेव्हापासून दोघा भावांचं सगळं बोलणं वहिनीमार्फत चालायचं. दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसलेले असायचे.

"वहिनी, दादाला विचारा, पंखा बंद करू का?"

दादा बोळक्या तोंडाने काहीतरी पुटपुटायचा. ते फक्त वहिनीला कळायचं.

"म्हणतात, तुम्हाला गरम होत नसेल, म्हणून आम्हालाही होत नसेल असं काही नाही."

"म्हणजे बंद करू की नको?"

"ते नाही बोलले."

या कारभाराची कवळीवाल्याला चीड यायची आणि रात्रंदिवस आतून टोचणीही लागलेली असायची. लोकांची तोंडं उघडायची आणि घरातलं एक तोंड आपण बंद केलं, हे त्याला फार लागायचं. पण माफी मागायची म्हटलं तरी ती वहिनीमार्फतच मागावी लागणार, आणि ते काही त्याच्या जिभेवर येईना.

डॉक्टरांनी दादाला रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून वहिनी त्याला बागेतल्या तळ्यापर्यंत न्यायची. तिथे रविवारी सकाळी हौशी लोक रिमोटवरच्या बोटी सोडत. त्यात एक निवृत्त हेडक्लार्क होता. आयुष्यभर फायली पुढे सरकवल्या नाहीत, आता मात्र त्याची लाल स्पीडबोट तळ्यात बदकांच्या जिवावर उठली होती. एकदा ती फर्रकन समोरून गेली, तेव्हा दादा काहीतरी पुटपुटला. वहिनीने घरी येऊन बातमी दिली, "म्हणाले, हिला नाव म्हणतात का? हा तर पाण्यावरचा मिक्सर."

तीन वर्षांत दादाने नाव हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला होता. कवळीवाल्याच्या हातातली कानस थांबली. दादाच्या नावेसारखी नाव आपण करायची, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. तीन फुटांची, रिमोटवर चालणारी, पण पाण्याखालच्या पंख्यावर नाही, वल्ह्यावर. मागे एक माणूस बसलेला, तो वल्हवतोय आणि नाव चालतेय. ती दादाच्या डोळ्यांसमोर पाण्यात सोडायची. मग तरी तो बोलेल.

पहिली अडचण मापांची. नाव होती तेव्हा कोणी मोजली नाही आणि आता ती मांडणी झालेली.

"वहिनी, दादाला विचारा, नाव मधोमध केवढी रुंद होती?"

दादाने बराच वेळ विचार केला. धाकट्याला उत्तर द्यायचं नव्हतं, पण नावेबद्दलचा प्रश्न तसाच सोडवतही नव्हता. वहिनीने ऐकून घेतलं.

"म्हणतात, पोस्टमास्तर आणि त्यांची बायको शेजारी शेजारी बसली की चिकटून बसायची, तेवढी."

आता पोस्टमास्तरांची बायको कवळीवाल्याने मोजलेली नव्हती, पण पोस्टमास्तरांचा जबडा त्याच्या मांडणीवर होता. त्याने जबडा मोजला. जबड्यावरून डोकं, डोक्यावरून खांदे, खांद्यांवरून बैठक असा हिशेब बांधत त्याने नावेची रुंदी काढली. जबड्यावरून बैठक काढायचं शास्त्र जगात कुठे नाही. का नाही, ते पुठ्ठ्याचा नमुना टेबलावर ठेवल्यावर कळलं.

"म्हणतात, हा टब आहे. यात कोणाला आंघोळ घालायचीय?"

मग त्याने जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. मांडणीवरचे सगळे जबडे खाली उतरवले, फळ्या सुट्या केल्या आणि डांबराची बाजू वर करून, जुन्या खिळ्यांच्या भोकांना भोकं जुळवत, जमिनीवर ओळीने मांडत गेला. दुपारपर्यंत खोलीच्या फरशीवर नाव उमटली. फक्त सुताराच्या करवतीने खाल्लं होतं तेवढं मधे मधे कमी होतं. मापाची पट्टी हातात घेऊन तो त्या नावेच्या मधोमध बसला आणि त्याला एकदम रडू आलं. किती सुंदर बांधणी होती ती, आणि त्याने तिच्यावर जबडे वाळत घातले होते. दारात काठीचा आवाज झाला. दादा उभा होता. जमिनीवरच्या फळ्यांकडे त्याने डोळे भरून बघितलं आणि निघून गेला.

कवळीवाल्याने त्यातली एकच फळी घेतली. तिच्या पातळ पट्ट्या काढून, एकमेकींवर चिकटवून, आतून कोरून त्याने तीन फुटांची नाव तयार केली. दात घासायची चाकं लाकडावरही झकास चालतात, हा शोध त्याला लागला. बाकीच्या फळ्या त्याने पुसून भिंतीशी उभ्या केल्या. जबडे तेव्हापासून खाटेखाली राहायला गेले.

मग वल्हवणारा. त्याचे हात हलवायला कवळीवाल्याने आपल्या धंद्यातलं यंत्र घेतलं. दोन जबडे बसवून वरचा-खालचा चावा जुळतो का ते बघायचं एक बिजागरीचं उपकरण असतं. माणूस चावतो तसं ते हलतं, वर-खाली आणि किंचित आडवं. आयुष्यभर त्याच्यावरच काम केल्यामुळे जगात हलणारं सगळं तसंच हलतं, अशी कवळीवाल्याची समजूत झाली होती. मोटर लावून त्याने नाव घरामागच्या हौदात सोडली. बाहुला वल्हं खाली आपटायचा, थोडं आडवं घासायचा, वर उचलायचा. नाव जागची हलली नाही. वहिनी धुणं पिळता पिळता बघत होती.

"भावजी, ही नाव जेवतेय."

ते यंत्र काढलं. हेडक्लार्ककडून एक जुना रिमोट आणला, तीन छोट्या मोटरी आणल्या. एक मोटर वल्हं पुढे-मागे करणारी, एक वर-खाली. रिमोटवरची उजवीकडची दांडी गोल फिरवली की वल्हं पुढे जायचं, पाण्यात बुडायचं, मागे यायचं, वर निघायचं. तिसरी मोटर त्याने उगाच घेतली होती, कधी लागलीच तर म्हणून. बाहुल्याचं डोकं कवळीच्या गुलाबी मसाल्याचं केलं. टक्कल दादासारखं आलं, नाकही जमलं. आणि तोंड करताना, हाताच्या सवयीने, त्याने बाहुल्याला पुढचे आठ दात बसवून टाकले. तांदळाच्या कणीएवढे, पण रंग अगदी जुळवून. बाहुला हसायला लागला.

दादाने तो बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. निरोप लगेच आला.

"म्हणतात, आधी त्याचे दात काढा."

जे काम त्याने कोणा जिवंत माणसावर केलं नव्हतं, ते त्या बाहुल्यावर करावं लागलं.

नाव हौदात पुन्हा उतरली ती नाक वर करून. बाहुला मागे बसलेला, पुढे कोणीच नाही. खऱ्या नावेत पुढे माणसं असायची. वजन म्हणून कवळीवाल्याने खाटेखालचे चार जबडे आणून ओळीने ठेवले. त्यात पोस्टमास्तर होते, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. दादाने ज्यांना आयुष्यभर पलीकडे पोचवलं तीच मंडळी, फक्त बाकीचं शरीर घरी ठेवून आलेली. नाक खाली आलं. नाव पाण्यावर अशी बसली की बघत राहावी.

त्याने दांडी फिरवली. बाहुल्याने उजव्या बाजूला वल्हं मारलं. नाव पुढे सरकली आणि डावीकडे वळली. पुन्हा मारलं, आणखी वळली. दहा वेळा मारलं, तेव्हा गोल फिरून पुन्हा त्याच्याच पुढ्यात आली. चारही जबडे त्याच्याकडे बघून हसत होते.

एका बाजूने वल्हवलं की नाव दुसऱ्या बाजूला वळणार, हे उघड आहे. मग दादाची कशी वळत नव्हती? तो तर चाळीस वर्षं मागे, उजव्याच बाजूला बसून वल्हवत आला. हेडक्लार्कने सल्ला दिला, "खाली गुपचूप एक पंखा बसव. वल्हं आपलं शोभेला. कोणाला कळतंय?" हेडक्लार्कची सगळी नोकरी याच तत्त्वावर झाली होती. कवळीवाल्याने पंखा बसवला नाही, पण मोहात पडून मागे एक पत्र्याची पट्टी तेवढी लावली.

"म्हणतात, आमच्या नावेला शेपूट नव्हतं."

पट्टी काढली. तो जेवणाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, दादाला विचारा, नाव सरळ कशी न्यायचास?"

दादाने मान वर केली. प्रश्नच त्याला कळला नाही असं दिसलं.

"म्हणतात, वल्हवलं की नाव सरळच जाते."

"नाही जात. पन्नास वेळा बघितलं मी."

"म्हणतात, त्यांची जायची."

हे तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी कवळीवाल्याचा पारा चढला. दादाला सगळं माहीत आहे आणि तो मुद्दाम सांगत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. हौदाशी येऊन तो वहिनीवरच घसरला. "त्याला मला गोल गोल फिरवायचंय. शिक्षा आहे ही. द्यायची तर दे म्हणावं, पण निदान नावेच्या बाबतीत तरी खोटं बोलू नकोस."

वहिनीने हातातली बादली खाली ठेवली.

"खोटं नाही बोलत ते. त्यांना खरंच माहीत नाही. स्वतःच्या हाताकडे कोण बघतं?"

"मग कोणाला माहीत आहे?"

"मला."

कवळीवाल्याने हातातला रिमोट खाली ठेवला.

"मला विचारलंय का कोणी?" वहिनी म्हणाली. "तीन वर्षं माझ्या तोंडातून तुमचीच दोघांची वाक्यं येतायत जातायत. लग्नाआधी मी पलीकडच्या शिवणाच्या कारखान्यात जायचे. सगळे पुढे तोंड करून बसायचे, पाण्याकडे. मी मागे तोंड करून बसायचे. वर्षभर दुसरं काय बघितलं असेल मी?" तिने झाडूचा दांडा उचलला, हौदाच्या कठड्यावर बसली आणि वल्ह्यासारखा धरला. उजवा हात खाली, डावा हात वरच्या टोकाला. "उजव्याने ओढायचे. आणि वल्हं मागे आलं, आता निघणार, तेवढ्यात डावं मनगट असं वळवायचे. अंगठा खाली. पातं आडवं होऊन पाण्याला बाहेर ढकलायचं आणि नावेचं नाक परत जागेवर यायचं. दर वेळी. माझ्याशी बोलत असले तरी."

तिने दोनतीनदा करून दाखवलं. कवळीवाला तिच्या हाताकडे बघत होता. मग त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. सगळ्यांनी दादाच्या उजव्या हातासाठी हळहळ केली होती. डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी, त्याने स्वतः. उजव्या हातात जोर होता, तो गेला. पण नाव सरळ नेणारा हात डावा होता, आणि तो शाबूत होता.

तिसरी मोटर कामाला आली. ती त्याने बाहुल्याच्या डाव्या मनगटाला जोडली आणि रिमोटच्या डाव्या दांडीवर घेतली. दांडी बाजूला केली की वल्ह्याचं पातं वळणार.

रविवारी सकाळी तळ्यावर हेडक्लार्क आधीच हजर होता. दादा आणि वहिनी बाकावर बसले, वहिनीने वर्तमानपत्र उघडलं. कवळीवाल्याने नाव पाण्यात ठेवली. आज जमलं नाही तर पुन्हा दादासमोर काही घेऊन यायची आपली हिंमत होणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

उजवी दांडी फिरवली, शेवटाला डावी वळवली. नाव सरळ गेली. पुन्हा मारलं, पुन्हा सरळ. पाच-सहा वल्ही ती तळ्याच्या मध्याकडे रेघ ओढल्यासारखी गेली. सातव्याला त्याच्या दोन्ही अंगठ्यांचा गोंधळ उडाला आणि ती जराशी कलली, पण तोवर बाकावरून काठीचा आवाज जवळ आला होता. दादा पाण्याच्या कडेला येऊन उभा राहिला. तो बाहुल्याच्या हातांकडे बघत होता. मग त्याने मान वळवली. वहिनीकडे नाही, धाकट्याकडे.

"मी असं करायचो?"

शब्द बोळके होते, पण कळले. तीन वर्षं या घटकेसाठी कवळीवाल्याने मनात भाषणं तयार केली होती. त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच.

"वहिनी, दादाला सांगा, हो."

वहिनीने वर्तमानपत्राची घडी घातली.

"तुमचं तुम्ही सांगा. मी सोडली ही नोकरी."

कवळीवाला दादाकडे वळला. "हो. डाव्या हाताने. वहिनीने दाखवलं." मग त्याला थांबता येईना. "दादा, नाव मी तुला न विचारता कापली. तुला त्रास होऊ नये म्हणून कापली असं सगळ्यांना सांगितलं, ते खोटं. मला फळ्या हव्या होत्या. चुकलं माझं."

दादाने आपला डावा हात वर करून बघितला, जणू तो कोणीतरी आत्ताच आणून दिला होता. मग काहीतरी बोलला.

"काय?"

दादा पुन्हा बोलला, जरा चढ्या आवाजात.

"काय म्हणालास? कळलं नाही."

दादाने वहिनीकडे हात पसरला. वहिनीने पर्स उघडली, डबी काढली, कवळी त्याच्या तळहातावर ठेवली. दादाने ती तळ्याच्या पाण्यात बुचकळली आणि तोंडात घातली.

"गाढवा, नाव बघ," तो म्हणाला. "माझ्याकडे काय बघतोस?"

नाव डावीकडे वळून हेडक्लार्कच्या स्पीडबोटीवर निघाली होती. कवळीवाल्याने दांड्या पकडल्या. दादाने काठी काखेत धरली, डाव्या दांडीवरचा त्याचा अंगठा बाजूला सारला आणि तिथे आपला ठेवला.

"तू ओढ. वळवायचं मी बघतो."

पहिली दोन वल्ही वाकडी गेली. "काढताना वळवायचं, तू आधीच उचलतोस. हळू. हळू म्हटलं ना, बैला." तिसऱ्याला नाव सरळ झाली. चौघं प्रवासी घेऊन ती तळ्याच्या पलीकडच्या काठाला निघाली आणि हेडक्लार्कला आपली बोट बाजूला घ्यावी लागली. दर शिवीला दादाच्या तोंडात कवळी खटखट वाजत होती. कवळीवाल्याचे डोळे भरून आले होते, पण कान धंद्याचेच होते.

"सैल झालीय ती," तो म्हणाला. "तीन वर्षं काढून ठेवलीस, हिरड्या बसल्या तुझ्या. उद्या नवं माप घेतो."

"आजच घे," दादा म्हणाला. "अजून बरंच सुनावायचंय तुला."